देव राजा, तर मग सिंहासनावर कोण?

‘तुझं राज्य येवो.’ वसईच्या चर्चमध्ये, अहिल्यानगरच्या जुन्या मिशन कंपाउंडात, गोव्यात कोकणीतून आणि जगभर शेकडो भाषांतून ही मागणी रोज केली जाते. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत ती भाकरीच्या आधी येते, क्षमेच्याही आधी. पण म्हणणाऱ्याला मध्येच थांबवून ‘राज्य येवो म्हणजे नेमकं काय येवो?’ असं विचारलं, तर उत्तरं एकसारखी मिळणार नाहीत. कुणी मेल्यानंतरच्या स्वर्गाबद्दल बोलेल, कुणी जगाच्या अंती येशू परत येईल तेव्हाच्या राजवटीबद्दल. कुणाच्या मते चर्च म्हणजेच ते राज्य. कुणी नुसता छातीवर हात ठेवेल. कुणी म्हणेल, गोरगरिबाला न्याय मिळेल तो दिवस. यातल्या प्रत्येकाला बायबलमध्ये आधार सापडतो, हीच तर अडचण आहे.

देवाला राजा म्हणणं मराठी माणसाला नवं नाही. विठ्ठल पंढरीचा राणा आहे, जेजुरीचा खंडोबा खंडेराया आहे, आणि काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देवळातला सगळा थाट राजाचाच असतो. त्यामुळे ख्रिस्ती भजनात ‘राजांचा राजा’ असे शब्द ऐकले की आपण मान डोलावून पुढे जातो. इथेच गफलत होते. बायबलमध्ये देवाला राजा म्हणण्यामागे एक जुनं भांडण आहे, आणि त्या भांडणाच्या दुसऱ्या बाजूला सिंहासनावर बसलेला हाडामांसाचा माणूस आहे. ते भांडण कळलं की बाकीचा विषय बराचसा उलगडतो.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या पश्चिम आशियात राजा आणि देव यांच्यात फारसं अंतर नसे. इजिप्तचा फेरो जिवंतपणी होरस देवाचं रूप मानला जाई. बाबिलोनच्या हम्मुराबीने कायदे कोरून घेतलेली काळी शिळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्या माथ्यावर सूर्यदेव शमाश बसलेला आहे आणि हम्मुराबी त्याच्यासमोर उभा आहे. राजाचा शब्द मोडाल तर गाठ देवाशी आहे, हे अक्षरओळख नसलेल्यालाही त्या चित्रावरून कळावं. अशा शेजाऱ्यांच्या मध्ये इस्राएलच्या टोळ्या बराच काळ राजाशिवाय राहत होत्या. संकट आलं की कुणीतरी पुढारी उभा राहायचा, लढाई जिंकायचा आणि घरी जायचा. गिदोन नावाच्या अशाच एका पुढाऱ्याला लोक म्हणाले, तू आमच्यावर राज्य कर, तुझ्यामागून तुझा मुलगा, मग नातू. त्याने साफ नकार दिला. मी नाही, माझा मुलगाही नाही, परमेश्वर तुमच्यावर राज्य करील.

त्याच्या अबीमलेख नावाच्या मुलाला हे मान्य नव्हतं. भावांची कत्तल करून तो राजा झाला. जीव वाचवून पळालेल्या योथाम नावाच्या धाकट्या भावाने डोंगरावर चढून लोकांना एक गोष्ट ऐकवली. झाडं राजा शोधायला निघाली. जैतून म्हणालं, माझं तेल सोडून तुमच्यावर डोलत कशाला बसू? अंजीर म्हणालं, माझा गोडवा सोडू? द्राक्षवेलीनेही मान हलवली. शेवटी काटेरी झुडूप तयार झालं आणि म्हणालं, या, माझ्या सावलीत बसा. काटेरी झुडपाची सावली! राजेशाहीची इतकी बोचरी थट्टा एखाद्या धर्मग्रंथात असावी याचं मला आजही नवल वाटतं.

मोठा खटका उडाला तो शमुवेल संदेष्ट्याच्या म्हातारपणी, साधारण इ.स.पू. अकराव्या शतकात. त्याची मुलं लाचखाऊ निघाली होती. वडीलधारी मंडळी रामा गावी त्याच्याकडे आली आणि म्हणाली, इतर राष्ट्रांना आहे तसा आम्हालाही राजा दे. शमुवेलाला ते लागलं. तेव्हा देव त्याला सांगतो, त्यांनी तुला नाकारलेलं नाही, मी त्यांचा राजा नसावा म्हणून त्यांनी मला नाकारलं आहे. त्यांचं ऐक, पण राजा काय काय करतो ते त्यांना आधी सांगून टाक.

शमुवेल सांगतो. तो तुमची पोरं घेईल, कुणाला रथापुढे पळायला लावील, कुणाला आपली शेतं नांगरायला. तुमच्या मुली घेईल, अत्तरं करायला, स्वयंपाकाला, भाकऱ्या भाजायला. चांगली शेतं, द्राक्षमळे, जैतुनाच्या बागा घेईल आणि आपल्या चाकरांना देईल. धान्याचा दहावा हिस्सा घेईल, कळपाचा दहावा हिस्सा घेईल, तुमचे गडी आणि गाढवं घेईल. शेवटी तुम्हीच त्याचे दास व्हाल. मग रडाल, पण तेव्हा देव ऐकणार नाही. एवढं ऐकूनही लोकांनी राजाच मागितला, आणि शौलाला अभिषेक झाला. हा अध्याय लक्षात ठेवायचा. पुढची अडीच हजार वर्षं आणि त्यानंतरही युरोप-अमेरिकेत राजाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही याच पानावर येऊन भांडले.

राजा आला, पण त्याला वेसण घालूनच. कायदा सिनाय पर्वतावर मिळाला होता, राजा यायच्या कितीतरी आधी, त्यामुळे तो राजाच्या नावावर नव्हता. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात राजासाठी नियम आहेत: फार घोडे बाळगू नकोस, फार बायका करू नकोस, सोनंचांदी साठवू नकोस, आणि नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन ती जन्मभर वाच. शलमोन राजाने यातले पहिले तीन नियम किती पाळले हे बायबल वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. पुढे अहाब राजाला राजवाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा झाला, भाजीपाला लावायला. त्याने पैसे देऊ केले, बदल्यात दुसरा मळाही देऊ केला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. अहाब रुसून भिंतीकडे तोंड करून झोपला, जेवेना. राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडांनी मारवलं. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला तर तिथे एलीया संदेष्टा उभा. खून केलास आणि वर ताबाही घेतलास? बाबिलोनमध्ये किंवा इजिप्तमध्ये राजाला असं तोंडावर विचारणारी गोष्ट धर्मग्रंथात जपली गेली असती का, शंकाच आहे.

मात्र बायबलमध्ये एवढीच बाजू आहे असं सांगणं खोटं ठरेल. दावीद राजाला नाथान संदेष्ट्यामार्फत वचन मिळतं की तुझं घराणं सर्वकाळ टिकेल. दुसऱ्या स्तोत्रात देव राजाला म्हणतो, तू माझा पुत्र आहेस. डोक्यावर तेल ओतलेला राजा हा देवाचा अभिषिक्त, त्याच्यावर हात टाकणं पाप. म्हणजे राजाला खाली खेचणारा धागा आणि राजाला उचलून धरणारा धागा एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम जाळलं. सिद्कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. घराणं तर टिकलं नाही, पण वचन खोटं कसं म्हणायचं? यातून आशा पुढच्या काळाकडे सरकली. कधीतरी खरा अभिषिक्त येईल. इब्रीत त्याला ‘मशीहा’ म्हणत. ‘ख्रिस्त’ हा त्याचाच ग्रीक अवतार.

येशूच्या काळापर्यंत या आशेत बरीच दारू ठासली गेली होती. पॅलेस्टाईनवर रोमचा अंमल होता. इ.स. ६ मध्ये रोमने करासाठी शिरगणती केली तेव्हा गालीलकर यहूदाने बंड पुकारलं. देवाशिवाय आपला कुणी धनी नाही, हे त्याच्या पंथाचं म्हणणं योसेफस या इतिहासकाराने नोंदवून ठेवलं आहे. अशा वातावरणात गालीलमधला एक सुतार गावोगाव फिरून सांगू लागला की देवाचं राज्य जवळ आलं आहे. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल याची कल्पना करता येते.

येशूने त्या कल्पनेला एकामागून एक धक्के दिले. राज्य कशासारखं आहे? जुन्या संदेष्ट्यांनी राज्याचं चित्र काढताना आभाळाला भिडणारा गंधसरू उभा केला होता, ज्याच्या फांद्यांत पाखरं घरटी करतात. येशूने पाखरं ठेवली, झाड बदललं. त्याने मोहरीचा दाणा घेतला, परसात उगवणारं झुडूप. बाईने पिठात मिसळलेलं खमीर घेतलं. आणि द्राक्षमळ्याच्या मालकाची ती गोष्ट, जी ऐकून आजही कुठलाही कामगार संतापेल: सकाळपासून उन्हात राबलेल्यांना एक दिनार आणि संध्याकाळी तासभर आलेल्यांनाही एक दिनार. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एका घराची त्या दिवसाची चूल. मालक म्हणतो, ठरलेलं मी तुला दिलं; मी उदार आहे म्हणून तुझ्या पोटात दुखतं का? या गोष्टींत सीमा नाही, सैन्य नाही, राजधानी नाही. कारण इथे ‘राज्य’ म्हणजे मुलूख नव्हे, कारभार. पेशवाई म्हटलं की नकाशाआधी एक अंमल, एक रीत डोळ्यांपुढे येते, तसं. देवाच्या मर्जीप्रमाणे जिथे चालतं तिथे त्याचं राज्य. प्रार्थनेतली पुढची ओळही तेच मागते: तुझ्या इच्छेप्रमाणे पृथ्वीवर होवो.

शिष्यांना हे पटकन उमगलं असंही नाही. याकोब आणि योहान या भावांनी राज्यात उजवी आणि डावी खुर्ची आधीच मागून ठेवली होती. येशूचं उत्तर असं की परराष्ट्रीयांचे राजे लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नको. ज्याला पहिलं व्हायचं आहे त्याने सगळ्यांचा दास व्हावं. पुनरुत्थानानंतरही त्यांचा प्रश्न तोच: आता इस्राएलला राज्य परत देणार का?

मग ते नाणं. विरोधकांनी पेच टाकला, कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा की नाही? ‘द्या’ म्हटलं तर लोक जातात, ‘देऊ नका’ म्हटलं तर मान जाते. येशूने दिनार मागवला. तो बहुधा तिबेरियसचा असावा. त्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला सम्राटाचा मुखवटा आणि भोवती अक्षरं, अर्थ असा: तिबेरियस कैसर, दिव्य ऑगस्टसचा पुत्र. मागच्या बाजूला ‘मुख्य पुरोहित’ ही पदवी. मजुराच्या मुठीत रोज येणारा देवपुत्राचा दावा. ‘कैसराचं ते कैसराला, देवाचं ते देवाला द्या,’ या उत्तराचा अर्थ पुढे अनेकांनी ‘धर्म वेगळा, राजकारण वेगळं’ असा लावला. मला तो फार बिनधोक वाटतो. कैसराचा मुखवटा असलेलं नाणं कैसराचं. पण बायबलच्या पहिल्याच अध्यायात माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे असं लिहिलंय, मग माणूस कुणाचा? ऐकणाऱ्या यहुद्यांना हा हिशेब करायला वेळ लागला नसावा.

शेवटी आरोपही राजेपणाचाच लागला. रोमन सुभेदार पिलात विचारतो, तू यहुद्यांचा राजा आहेस काय? योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, उत्तर मिळतं, माझं राज्य या जगाचं नाही. तसं असतं तर माझे लोक लढले असते. सैनिकांनी थट्टा म्हणून काट्यांचा मुकुट घातला, जांभळं वस्त्र पांघरलं. क्रुसावर पाटी लावली ती इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत: नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा. याजकांनी हरकत घेतली, ‘मी राजा आहे असं हा म्हणाला’ असं लिहा. पिलात म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. रोमच्या दृष्टीने ती एका बंडखोराच्या गुन्ह्याची नोंद होती. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने तो राज्याभिषेक आहे. ख्रिस्ती श्रद्धेतलं राजेपण बाकी सगळ्या राजेपणांपासून वेगळं पडतं ते या जागी. राजा इथे घेत नाही, देतो. शमुवेलाची यादी उलटी होते.

एक गाठ सोडवायची राहते. राज्य आलं की यायचं आहे? ‘मी देवाच्या सामर्थ्याने भुतं काढतो, म्हणजे राज्य तुमच्यापर्यंत आलंच आहे,’ असं येशू म्हणतो. आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी, ‘देवाच्या राज्यात नवा पिईन तोवर द्राक्षारस पिणार नाही,’ असंही म्हणतो. अल्बर्ट श्वाइट्झर, जे पुढे आफ्रिकेत डॉक्टर म्हणून गेले, त्यांनी १९०६ मध्ये मांडलं की येशूला जगाचा अंत अगदी तोंडावर आलेला दिसत होता. १९३५ मध्ये ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी उलट टोक धरलं: येशूच्या येण्यातच राज्य आलं. आज बहुतेक चर्चमध्ये चालतं ते मधलं उत्तर, आलंय पण पूर्ण झालेलं नाही. ऑस्कर कुलमान या अभ्यासकांनी १९४६ मध्ये त्यासाठी नुकत्याच संपलेल्या महायुद्धातलं उदाहरण घेतलं. निर्णायक लढाई जिंकली जाते, पण विजयदिन यायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात माणसं मरतच राहतात.

पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना एवढा ऊहापोह करायची चैन नव्हती. सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायचा की नाही, हा प्रश्न त्यांच्या जिवावर बेतायचा. स्मुर्णा, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर, तिथल्या म्हाताऱ्या बिशप पॉलिकार्पला साधारण इ.स. १५५ मध्ये पकडलं. ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो. तो म्हणाला, छ्याऐंशी वर्षं मी त्याची चाकरी केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही. ज्याने मला तारलं त्या माझ्या राजाची निंदा कशी करू? त्याला जाळलं. त्याच्या हौतात्म्याची हकिगत लिहिणाऱ्याने शेवटी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तारीख घातली आहे: मुख्य पुरोहित अमुक, प्रांताधिकारी स्टेशियस क्वाड्रेटस. सम्राटाचं नाव यायच्या जागी त्याने लिहिलं, राज्य सदासर्वकाळ येशू ख्रिस्ताचं. एवढ्या एका ओळीसाठीही रोममध्ये खटला भरता आला असता.

इ.स. ३१२ नंतर सम्राट कॉन्स्टंटाइन स्वतःच ख्रिस्ताच्या बाजूला आला आणि पारडं फिरलं. ३३६ मध्ये युसेबियस या बिशपने त्याच्यासमोर भाषण केलं: स्वर्गात एक देव, पृथ्वीवर एक सम्राट, हा त्याचं प्रतिबिंब. हम्मुराबीची शिळा परत उभी राहिली म्हणायची! पण जुना धागा तुटला नव्हता. ३९० मध्ये थेस्सलनीकात हजारोंची कत्तल करवणाऱ्या थियोडोशियस सम्राटाला मिलानच्या बिशप अँब्रोजने प्रायश्चित्त घ्यायला लावलं. बिशप ऑगस्टिनने, ४१० मध्ये रोम लुटलं गेल्यानंतर, आणखी कडक शब्दांत लिहिलं: न्याय काढून घेतला तर राज्यं म्हणजे मोठ्या दरोडेखोर टोळ्यांशिवाय दुसरं काय?

मध्ययुगात राजाच्या डोक्यावर तेल परत आलं, आणि त्याबरोबर चमत्कारही. इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजाने हात लावला तर गंडमाळा बऱ्या होतात असा समज होता. फ्रान्समध्ये असा स्पर्शाचा विधी शेवटचा झाला तो थेट १८२५ साली. दुसरीकडे पोपही ‘देवाचा प्रतिनिधी मी’ म्हणून राजांच्या वर बसू पाहत होते. १०७७ च्या जानेवारीत जर्मनीचा चौथा हेन्री राजा कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस अनवाणी उभा राहिला तो पोप सातव्या ग्रेगरीची माफी मागण्यासाठी. ‘देव राजा आहे’ हे वाक्य जो उच्चारतो तो पुष्कळदा ‘म्हणून त्याच्या वतीने मी’ असं पुटपुटत असतो, याचा विसर पडू नये. राजे आणि पोपच कशाला, १५३४ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात लायडनचा यान नावाचा शिंपी स्वतःला नव्या यरुशलेमचा राजा म्हणवू लागला. बहुपत्नीत्व, शिरच्छेद, उपासमार, असं वर्षभर चाललं. त्याचं आणि दोन साथीदारांचं प्रेत ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगलं ते सेंट लॅम्बर्टच्या मनोऱ्यावर आजही लटकतायत. आत अर्थातच काही नाही.

स्कॉटलंडचा सहावा जेम्स हा मात्र अभ्यासू राजा. १५९६ मध्ये अँड्र्यू मेलव्हिल नावाच्या धर्मगुरूने त्याची बाही धरली आणि त्याला ‘देवाचा येडा चाकर’ म्हटलं. स्कॉटलंडमध्ये दोन राजे आणि दोन राज्यं आहेत, मेलव्हिल म्हणाला. एक राजा येशू ख्रिस्त, त्याचं राज्य म्हणजे चर्च, आणि त्या राज्यात जेम्स राजाही नाही, सरदारही नाही, नुसता एक सभासद आहे. दोनच वर्षांनी जेम्सने राजांच्या दैवी अधिकारावर पुस्तिका लिहिली आणि त्यात शमुवेलाचा तोच अध्याय विस्ताराने उलगडला. त्याचा निष्कर्ष असा: शमुवेल लोकांना धोक्याची सूचना देत नव्हता, राजाचं जे काही सोसावं लागेल ते मुकाट्याने सोसायची तयारी करून घेत होता. म्हणजे ‘तो घेईल’ याचा अर्थ ‘त्याला घेऊ द्या’! वकिलाला शोभेल असं हे वाचन आहे. जेम्सच्या मुलाने, पहिल्या चार्ल्सने, बापाची शिकवण मनावर घेतली, आणि ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये त्याचं डोकं उडालं. पुढे १७७६ मध्ये थॉमस पेनने अमेरिकी वसाहतींना इंग्लंडच्या राजाविरुद्ध भडकवलं तेव्हा गिदोन आणि शमुवेल, दोघांनाही साक्षीला बोलावलं. पेन स्वतः चर्चवाला माणूस नव्हता. पण वाचक कोणता आहे हे त्याला ठाऊक होतं.

आपल्याकडे या कल्पनेला एक वेगळंच रूप मिळालं. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुष्कळ वर्षं अहमदनगरला मिशनमध्ये काम केलं, आणि १९१७ मध्ये ते काम सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला मानणारे दोन्ही प्रकारचे लोक त्यात यावेत ही त्यांची कल्पना. सहाच वर्षांपूर्वी दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला होता. टिळकांच्या दरबाराचा मानकरी कोण हे नावातच सांगितलेलं, आणि विलायती मिशनच्या चौकटीतून बाहेर पडून सांगितलेलं. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासात त्यांच्या कवितांना जेवढी जागा मिळते तेवढी या प्रयोगाला मिळत नाही. ती मिळायला हवी.

विसाव्या शतकात भांडण पुन्हा पेटलं, कारण कैसर पुन्हा उगवले. पोप अकरावे पायस यांनी डिसेंबर १९२५ मध्ये ख्रिस्तराजाचा सण सुरू केला. इटलीत तेव्हा मुसोलिनी होता. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत सरकारने चर्चवर कडक निर्बंध आणले आणि ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’ म्हणत शेतकरी शस्त्र घेऊन उठले. १९२७ मध्ये मिगेल प्रो या जेझुइट धर्मगुरूला गोळ्या घातल्या तेव्हा त्याच्याही तोंडी हेच शब्द होते. पण १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीत तीच घोषणा फ्रँकोच्या बाजूने लढणारे देत होते. घोषणा तीच, एका देशात सत्तेविरुद्ध आणि दुसऱ्या देशात हुकूमशाहीच्या वाटेवर. जर्मनीत मे १९३४ मध्ये बार्मेन गावी जमलेल्या प्रोटेस्टंटांनी, धर्मपंडित कार्ल बार्थ यांनी मुख्यतः लिहिलेल्या जाहीरनाम्यात, ठणकावलं की आयुष्याचं असं कुठलंही क्षेत्र नाही जिथे आमचा धनी ख्रिस्त सोडून दुसरा कुणी आहे. हिटलरचं नाव त्यात नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं.

ख्रिस्तराजाचा सण आधी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने तो उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी आणला, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस, नाताळच्या तयारीचा काळ सुरू होण्याआधी. वाचनं तीन वर्षांच्या चक्राने बदलतात. एका वर्षी पिलातासमोरची जबानी वाचतात. एका वर्षी क्रुसावरचा तो शेजारचा गुन्हेगार, जो म्हणतो, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. उरलेल्या वर्षी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय: तिथे राजा खरोखरच सिंहासनावर बसलेला आहे, सगळी राष्ट्रं समोर उभी आहेत, आणि चौकशी चालली आहे ती भुकेल्याला जेवायला कुणी दिलं, उघड्याला कपडा कुणी दिला आणि तुरुंगात भेटायला कोण गेलं याची.